आयती साखर आणि प्रकाशावर जगणारे जिवाणू

प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूला आयती साखर मिळाली, की तो प्रकाशसंश्लेषण गुंडाळून ठेवत असेल, असे सहज वाटते. सिनेकोसिस्टिस पीसीसी ६८०३ या सायनोबॅक्टेरियात (वनस्पतींसारखे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूत) मात्र तसे घडत नाही. प्रकाशात ग्लुकोज दिल्यावरही कार्बन डायऑक्साइडचे स्थिरीकरण, म्हणजे त्यापासून सेंद्रिय पदार्थ बनवणे, चालूच राहते आणि वाढ अधिक वेगाने होते. अर्थात, हे ग्लुकोज सोसणाऱ्या वाणाविषयी झाले. ग्लुकोजला संवेदनशील असलेला मूळ वाण त्याच परिस्थितीत तग धरत नाही, आणि अन्नानेच घात व्हावा ही गोष्ट मला या विषयात सर्वांत बोलकी वाटते.

सायनोबॅक्टेरियाच्या पेशीत प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांची दालने वेगळी नसतात. थायलाकॉइड पटलातील (प्रकाशसंश्लेषण जिथे चालते त्या पेशीतील पडद्यातील) प्लास्टोक्विनोन या इलेक्ट्रॉनवाहक रेणूंचा साठा दोन्ही प्रक्रियांना सामाईक असल्यामुळे, प्रकाशाच्या बळावर पाण्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन आणि साखरेच्या विघटनातून आलेले इलेक्ट्रॉन एकाच ठिकाणी येऊन पडतात. म्हणजे साखरेबरोबर कार्बन येतो, तसा इलेक्ट्रॉनांचा बोजाही येतो. दोन्हींचा मेळ साधणे किती नाजूक आहे, हे एका उदाहरणावरून दिसते: 'पीएमजीए' हे जनुक निकामी झालेला वाण प्रकाश आणि ग्लुकोज एकत्र मिळाल्यास नीट वाढू शकत नाही. केवळ प्रकाशावर मात्र तो सुरुवातीला हे जनुक शाबूत असलेल्या वाणालाही मागे टाकतो.

जनुकांच्या पातळीवर 'सिग-ई' हा सिग्मा घटक, म्हणजे ठरावीक जनुके चालू करणारे प्रथिन, महत्त्वाचा आहे. पेन्टोज फॉस्फेट मार्गाची (साखरेच्या विघटनाच्या एका मार्गाची) आणि ग्लायकोजेन या साठवलेल्या कर्बोदकाच्या विघटनाची जनुके तो कार्यान्वित करतो; त्याचे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढवले, की पेशीतील ग्लायकोजेन घटते. गंमत अशी, की प्रकाशात त्याला जखडून ठेवणारे 'सीएचएल-एच' हे प्रथिन मुळात हरितद्रव्य तयार करणाऱ्या यंत्रणेतले आहे. तरीही आरएनएच्या मोजमापावरूनच, म्हणजे कोणती जनुके किती सक्रिय आहेत एवढ्यावरूनच, चयापचयाचा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते, कारण बरेचसे नियंत्रण थेट विकरांवर (एन्झाइमांवर) चालते: अंधारात 'सीपी-१२' हे लहानसे प्रथिन कॅल्विन चक्रातील (कार्बन डायऑक्साइड स्थिर करणाऱ्या अभिक्रियांच्या साखळीतील) दोन विकरांना एकत्र बांधून निष्क्रिय करते आणि त्यासाठी जनुकांची अभिव्यक्ती बदलावी लागत नाही.

प्रकाशाची गरज ऊर्जेपुरतीच असते, असेही नाही. संपूर्ण अंधारात, ग्लुकोज मुबलक असूनही, हा जिवाणू वाढत नाही. पण रोज काही मिनिटे प्रकाश दाखवला, की वाढू लागतो. एवढ्या अल्प प्रकाशात प्रकाशसंश्लेषणाने दिवसभराची गरज भागणे शक्य नसते आणि निळा प्रकाश या वाढीसाठी विशेष परिणामकारक ठरतो, तेव्हा तो पेशीला ऊर्जेपेक्षा संकेत म्हणूनच हवा असणार.