आमची वाटचाल : चिठ्ठीसकट रोप

गादीवाफ्यावरची (उंच केलेल्या मातीच्या वाफ्यावरची) टोमॅटोची रोपं उपटून जुड्या बांधायच्या आणि शेतकऱ्याला द्यायच्या, हा आमच्या रोपवाटिकेचा मूळ धंदा. तिथं वाण एकच, रोपं हजारो. नावाचा घोळ होत नसे. पुढे जळगाव-भुसावळकडून गच्चीसाठी पाच-सहा रोपं मागणारी गिऱ्हाइकं वाढली, तीही प्रत्येक रोप वेगळ्या वाणाचं मागणारी. मग प्रत्येक रोपाला वेगळी पिशवी आणि नावाची चिठ्ठी आली.

अर्का रक्षक कोणतं आणि चेरी कोणतं (दोन्ही टोमॅटोचेच प्रकार), हे लहान रोपावरून भल्याभल्यांना सांगता येत नाही. फळ धरेपर्यंत दोन-अडीच महिने गेलेले असतात. म्हणून चिठ्ठीवर आम्ही सर्वांत जास्त डोकं घातलं. आइस्क्रीमच्या काड्या मातीलगत कुजल्या. मार्करची शाई आपल्याकडच्या उन्हात उडाली. आता रंगाच्या पांढऱ्या बादल्या कापून पाच इंची पट्ट्या करतो, पॉलिश पेपरने घासतो आणि साध्या शिसपेन्सिलीने लिहितो. शिसं उन्हाने उडत नाही, पाण्याने धुपत नाही. वाण, पेरणीची तारीख, पिशवीत लावल्याची तारीख. मातीत जाणाऱ्या टोकावरही नाव लिहायचं. वरचं टोक मोडलं तरी खालचं शाबूत राहतं. टेबलावर एका वेळी एकच वाण, आणि आधी चिठ्ठी खोचायची, मगच रोप.

पेरणी ९८ कपांच्या ट्रेमध्ये, कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर). खऱ्या पानांची दुसरी जोडी आली की रोप पिशवीत. नुसती काळी माती भरू नका: ओली असताना पाणी धरून ठेवते, रोपाची मान (मातीलगतचा देठ) कुजते, माती वाळली की तडकते, मुळं तुटतात. दोन घमेली कोकोपीट, एक गांडूळखत, एक पोयटा (नदीकाठची गाळाची माती) आणि मूठभर निंबोळी पेंड.

ट्रे तासभर आधी भिजवा. कप खालून दाबून रोप वर काढा, पानाला धरा. पान गेलं तर दुसरं येतं, देठ चिरडला तर रोपच गेलं. बीजपत्रांपर्यंत (बी उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांपर्यंत) खोल लावा, गाडलेल्या देठाला नवी मुळं फुटतात. कलमी रोपाचा (दुसऱ्या रोपाच्या मुळावर जोडलेल्या रोपाचा) जोड मात्र मातीच्या वरच ठेवा. लावणी उन्हं उतरल्यावर करावी, पुढे चार दिवस शेडनेटखाली.

फेब्रुवारीनंतर घरगुती गिऱ्हाइकाला आम्ही रोप देत नाही. फुलं येईतो एप्रिल लागतो, पारा चाळिशीपार जातो आणि फुलं गळून पडतात.