तुम्ही विचारलंत म्हणून: ताईचं खरं काय होतं

लग्नात, बारशाला, अगदी तेराव्यालासुद्धा कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, की ताईच्या शाळेतल्या त्या भानगडीत खरं काय होतं रे, तू भाऊ आहेस, एकदा सांगून टाक म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. मी सांगत नाही. सांगणारही नाही. का ते मात्र आज लिहितो.

कारण एक नाटक आहे. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ साली रंगायननं केलं, अरविंद देशपांड्यांनी बसवलेलं, सुलभा देशपांडे बेणारेबाई, पण तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. मी बघितलं ते राज्य नाट्य स्पर्धेत, एका हौशी संस्थेनं केलेलं, आणि शेजारी ताई होती. शाळेतल्या नोकरीचा तिनं राजीनामा दिला त्याला तेव्हा वर्षही झालं नसेल. तिला न्यायला नको होतं असं आई अजून म्हणते, पण तिकिटं ताईनंच काढली होती.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे, प्रयोगासाठी एका गावात आलेली हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात, त्यांच्यातल्याच शिक्षिका बेणारेबाईंना आरोपी करतात, आरोप भ्रूणहत्येचा. मला सांगायचंय ते सामंताच्या साक्षीबद्दल. सामंत त्या गावातला, भाबडा, बाईंना धड ओळखतही नाही. साक्षीला उभं केल्यावर बोलायला काही नाही म्हणून हातातल्या कादंबरीतलंच सांगत सुटतो, की प्रोफेसर दामल्यांच्या खोलीवर गेलो तर आतून बाईचा आवाज आला. थेटर हसत होतं. ताईही हसत होती, ओढणी तोंडाला लावून. मग हसणं हळूहळू विरलं. हे पुस्तकातलं आहे हे समोरच्या प्रत्येकाला माहीत असतं आणि तरी तिथून पुढे कुणालाच ते खोटं वाटेनासं होतं. मग मंडळीतले रोकडे, पोंक्षे, कर्णिक, ज्याच्या त्याच्याकडे काहीतरी निघतंच, शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर स्वतः साक्ष देतात आणि परत त्याच खुर्चीत बसून निकालही देतात.

मागच्या रांगेतला एक माणूस बायकोला म्हणाला, "बघ, केलेलंच होतं की तिनं." अगदी समाधानानं. ताईनं ऐकलं. तिचा हात माझ्या मनगटावर होता तो तिनं काढून घेतला आणि उरलेलं नाटक पाठ न टेकता बघितलं.

तो माणूस खोटं बोलत नव्हता, हेच तर दुखतं. बेणारेबाईंचे दामल्यांशी संबंध होते, दिवस गेलेले होते. पण आरोप भ्रूणहत्येचा आणि शिक्षा काय, तर पोटातला गर्भ नष्ट करा! त्या काळी गर्भपात हाच गुन्हा होता, गर्भपाताला परवानगी देणारा एमटीपी कायदा आला १९७१ ला. म्हणजे कायद्याशी कुणाला देणंघेणं नव्हतंच, बाई हवी होती. आणि दामले? तो नाटकभर येतच नाही, त्याला शिक्षाही नाही. सगळं खरं बाहेर आलं, त्यानं बेणारेबाईंचं काय भलं झालं ते मला दाखवा.

रिक्षात ताई म्हणाली, "सामंत चांगला होता रे." शेवटी तो बाईंपाशी हिरवा कापडी पोपट ठेवतो, त्यावरून. मी भांडलो तिच्याशी, तोच तर सगळं सुरू करतो म्हटलं. ती काही बोलली नाही. आमच्याकडे तेव्हा असेच चांगले लोक यायचे, डबा घेऊन, काळजीनं चौकशी करायला, आणि दोन दिवसांनी तेच बोलणं वेगळ्या तोंडून परत यायचं. तरी त्यांना वाईट म्हणवत नाही. डबे आम्ही खाल्लेत.

कॉलेजात मी म्हणायचो, लपवायचं नसेल तर माणसानं बोलावं, विषय संपतो. तो कॉलेजातला मी अजून भांडायला येतो, म्हणतो तू गप्प बसतोस म्हणूनच लोक वाईट धरून चालतात. त्याचं अगदीच चूक नाही. गप्प बसण्याची किंमत मी नाही, ताईनं मोजलीय, दुसऱ्या गावी घरी शिकवण्या घेऊन. तिनं सांग म्हटलं तर उद्या सांगेन. ती म्हणत नाही.

तुम्हाला विचारायचंच असेल तर त्या चौकशी समितीला विचारा, की ताईचं म्हणणं ऐकायच्या आधीच राजीनाम्याचा मसुदा टाइप करून कसा तयार होता. आणि त्या सरांना विचारा. ते अजून त्याच शाळेत आहेत.