संध्याकाळी सातला जाणारं नेट

मी घरी बसून दहा-बारा दुकानदारांचे हिशेब लिहिते. २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचा रिटर्न, भरायचा असतो. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी दुकानदाराच्या माथी, आणि चूक त्याची नसते. म्हणून संध्याकाळच्या वेळी कॉम्प्युटरचं नेट जायला लागलं तेव्हा माझा जीव खालीवर व्हायचा. मोबाइलवर ओटीपी यायचा, तो टाकून बटण दाबलं की चक्र फिरतच राहायचं.

आधी सगळे करतात तेच केलं. राउटर बंद-चालू केला, कॉम्प्युटर बंद-चालू केला. नेट कंपनीचा मुलगा दोनदा येऊन गेला. राउटरवरचा लाल दिवा बंद, हिरवा स्थिर. "ताई, लाइन क्लीन आहे," म्हणाला. त्याचं बरोबर होतं, कारण त्याच वेळी माझ्या मोबाइलवर त्याच वायफायने सगळं सुरळीत चालत होतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन, वीज वाचवायला वायफाय बंद करण्याची जी परवानगी कॉम्प्युटरला दिलेली असते, तिची खूण काढली. दोन दिवस नेट एकदाही गेलं नाही. मी निश्चिंत झाले. पण ते शनिवार-रविवार होते, मी काम केलंच नव्हतं.

सोमवारी पुन्हा तेच. पुण्याला भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, अंदाज बांधत बसू नकोस. दोन काळ्या खिडक्या उघड."

त्याने सांगितलं तसं कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी ठेवल्या. एकीत घरातल्या राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक आणि तिचं उत्तर. दुसरीत बाहेर, ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. दर सेकंदाला एक ओळ. बाहेरची खिडकी अडली आणि राउटरची चालू राहिली, तर दोष लाइनचा किंवा कंपनीकडचा. दोन्ही एकदम अडल्या, तर कॉम्प्युटर आणि राउटर यांच्या मध्ये, म्हणजे आपल्याच घरात. इतकी सोपी गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर त्या मुलाला दुसरी फेरी पडली नसती.

सात वाजून दहा मिनिटांनी दोन्ही खिडक्यांत एकदम 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येऊ लागलं. म्हणजे दोष घरात.

वहीत वेळा लिहायला लागले. ७.१०, ७.०५, ७.२०. तिसऱ्या दिवशी लिहिता लिहिता लक्षात आलं की नेट जातं तेव्हा वायरलेस माऊसचा बाणही अडखळतो. त्याचा सेल मी त्या महिन्यात दोनदा बदलला होता. आणि सात वाजता मी रोज एकच गोष्ट करते: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या डेटाचा बॅकअप घ्यायला बाहेरची हार्ड डिस्क लावते.

हार्ड डिस्क काढली. काही सेकंदांत ओळी पुन्हा धावू लागल्या. परत लावून बॅकअप सुरू केला, अर्ध्या मिनिटात बंद. खात्रीसाठी हे तीनदा केलं.

कारण भाच्याने समजावलं. हार्ड डिस्क निळ्या यूएसबी ३.० पोर्टला होती. त्यातून डेटा सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने जातो, आणि त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे वायफाय ज्या रेडिओ लहरींवर चालतं त्यांतल्या एका भागात, गोंगाट होतो. माझं स्वस्तातलं वायफाय डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला वायफाय पकडून देणारी यूएसबी कांडी, तेवढाच पट्टा वापरणारं, आणि सीपीयूच्या मागे अगदी हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टला खोचलेलं. माऊसचा रिसीव्हरही तिथेच, त्याच पट्ट्यातला. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर, आणि या सगळ्यापासून लांब; म्हणून त्याला काही होत नव्हतं. हा त्रास तसा जुना आहे, इंटेलने २०१२ मध्ये त्यावर तांत्रिक टिपण काढलं होतं.

उपाय अगदी साधा निघाला. एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर आणून डोंगल टेबलाच्या वरच्या कडेला, राउटरच्या बाजूला, चिकटपट्टीने लावलं. माऊसचा रिसीव्हर पुढच्या पोर्टला घातला. लॅनची वायर ओढली असती तर सगळ्यात उत्तम, पण हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत भिंतीला भोकं पाडायला घरात कुणी तयार नव्हतं.

त्या रात्री दहा वाजता हार्ड डिस्कवर मोठी कॉपी लावून राउटरचं पिंग सोडून दिलं. सकाळी सहाला कंट्रोल-सी दाबलं. खाली बेरीज आली: गेलेले पिंग २८ हजारांवर, हरवलेले ९.

या महिन्याच्या २० तारखेला शेवटचा रिटर्न सात वाजून बारा मिनिटांनी गेला, शेजारी बॅकअप चालूच होता. माऊसमधून काढलेल्या दोन सेलांपैकी एक मी हॉलच्या घड्याळात घातला आहे. घड्याळ अजून वेळेवर आहे.