हुजूरपागेची अकरा ते पाच

लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला येणाऱ्या बहुतेकांना हुजूरपागा पत्ता सांगण्यापुरती माहीत असते. पेशव्यांच्या पागेवरून हे नाव मिळालेली मुलींची ही शाळा २९ सप्टेंबर १८८४ रोजी सुरू झाली. महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि शंकर पांडुरंग पंडित ही तिच्या संस्थापकांतील ठळक नावे.

जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली त्याला तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती, परंतु मुलींनी प्राथमिक इयत्तांच्या पुढे शिकावे, तेही इंग्रजीसह, ही कल्पना पुण्यातल्या अनेक सुशिक्षितांच्याही पचनी पडत नव्हती. असे हायस्कूल व्हावे म्हणून गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे रमाबाई रानडे यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले, त्याबद्दल त्यांना घरातल्या बायकांचेच टोमणे ऐकावे लागले.

शाळेच्या सोयीसुविधा म्हटले की आपण इमारत, प्रयोगशाळा, मैदान पाहतो. मला मात्र हुजूरपागेची सर्वांत मोठी सोय तिच्या वेळापत्रकात दिसते. मुलांच्या शाळांप्रमाणे अकरा ते पाच ही वेळ तिने ठेवली आणि वादाला तोंड फुटले. त्या काळच्या ब्राह्मणी वाड्यात सकाळचे अकरा म्हणजे पुरुषांची पंगत उठून बायकांची पाने मांडण्याची वेळ. घरातली मुलगी वा सून नेमकी तेव्हाच दप्तर घेऊन बाहेर पडणार, याचा अर्थ कोणालाही समजावून सांगण्याची गरज नव्हती. १८८७ साली टिळकांनी ‘केसरी’तून या वेळेवर आणि मुलांसारख्याच अभ्यासक्रमावर कडाडून टीका केली, सकाळी किंवा संध्याकाळी तीन तास पुरेत, असे त्यांचे म्हणणे होते. मुलांसाठी न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांतलेच ते एक, हे विसरता येत नाही. त्यांचे तेथील सहकारी आगरकर मात्र मुलामुलींना सारखेच शिक्षण द्यावे, या मताचे होते.

दुसरी सोय वसतिगृहाची. ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे वयाच्या सातव्या वर्षी येथे राहायला आल्या आणि पुढे त्यांनी मानववंशशास्त्रात नाव कमावले. इतक्या लहान मुलीला एवढ्या लांब ठेवण्याचा धीर वडिलांना झाला, तो अशी जागा पुण्यात होती म्हणूनच. पुढे कवयित्री शांता शेळके यांनीही याच शाळेत शिक्षण घेतले.