बिल्डर निवडताना केलेला तक्ता

मुंबईतल्या आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा ठराव, सल्लागाराची नेमणूक, टेंडर, हे सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते सल्लागाराने आणलेल्या तुलनात्मक तक्त्यावर. दहा निकष, प्रत्येकाला दहा गुण. कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम), भाडं, सामान हलवण्याचा खर्च आणि दलाली असे चार वेगळे रकाने. म्हणजे पैशालाच 40 गुण! बँक गॅरंटीला, म्हणजे बिल्डरने काम अर्धवट सोडलं तर बँकेकडून पैसे मिळण्याच्या हमीला, फक्त 10. ती न देणाराही पहिला येऊ शकला असता. विचारलं तर उत्तर, "सगळीकडे असाच फॉरमॅट असतो." याची फी आम्ही भरली होती.

म्हणून गॅरंटी आणि रेरावरची (बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नियामकाकडची) नोंद या दोन्ही गोष्टी तक्त्याबाहेर काढल्या. त्या नसतील तर बिल्डर तक्त्यात येणारच नाही. पैशाचे चारही रकाने एकत्र केले. उरला प्रश्न वजनांचा, आणि तिथे कमिटी आठवडेच्या आठवडे भांडली. टेंडरची पाकिटं आधीच फुटली होती, त्यामुळे ज्याला जो बिल्डर आवडला त्याच्या सोयीचं वजन तो सुचवायचा. वरच्या मजल्यावरचे काका तर दर बैठकीत एकच म्हणत, "कार्पेट किती वाढतो ते सांगा, बाकी शाळेचं प्रगतिपुस्तक नको." कार्पेट म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र. शेवटी मी चिठ्ठ्या वाटल्या. नाव न लिहिता प्रत्येकाने 100 गुण वाटून द्यायचे. सरासरी निघाली ती अशी: वाढीव क्षेत्र 30, पैसे 25, पूर्ण करून ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळवलेले प्रकल्प 25, मुदत 10, सोयी 10. तुमची पाकिटं अजून बंद असतील तर हे आजच उरका.

मग प्रत्येक निकषाला दहापैकी गुण देऊन त्यांना वजनाने गुणलं. 1000 पैकी सर्वांत जास्त क्षेत्र देणाऱ्याला 695 गुण पडले, जुनी कामं वेळेत संपवणाऱ्याला 775. काका उसळले. मग त्यांच्यासमोरच क्षेत्राचं वजन 40 केलं, बाकीची त्याच प्रमाणात घटवली. क्रम तोच. 50 केल्यावर मात्र उलटला. "अर्धा निर्णय एकट्या कार्पेटवर घ्यायचा का?" असं विचारल्यावर ते पहिल्यांदाच गप्प बसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

पुढे निबंधकांचा प्रतिनिधी, व्हिडिओ चित्रीकरण, 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे 51 टक्के सभासदांची संमती, सगळं रीतसर पार पडलं. हो, गुण देण्याआधी प्रत्येकाचं क्षेत्र रेरा कार्पेटमध्ये लिहून घ्या. आमच्याकडे एकाने बिल्टअप, म्हणजे भिंतींची जाडीही धरून येणारा मोठा आकडा, लिहिला होता.