ब्रुसेल्समधील माग्रित: आधी कोणत्या दाराशी जावे?

ब्रुसेल्समध्ये रने माग्रित या अतिवास्तववादी चित्रकाराच्या नावाची दोन संग्रहालये आहेत, हे मला चुकीच्या दाराशी उभे राहिल्यावर कळले. जेत भागातील ज्या घरात तो १९३० ते १९५४ या काळात राहिला, तिथे एक लहानसे संग्रहालय आहे. चित्रांचा मोठा संग्रह मात्र प्लास रॉयाल चौकात असून तो २००९ पासून खुला आहे. त्यामुळे तिकीट काढताना नावाबरोबर पत्ताही नीट वाचावा. मध्यवर्ती रेल्वे स्थानकापासून हा चौक पायी दहा मिनिटांवर आहे, पण रस्ता चढाचा आहे.

चित्रे कालक्रमानुसार वरच्या मजल्यावरून खाली मांडलेली असल्याने लिफ्टने थेट तिसऱ्या मजल्यावर जाऊन उतरत यावे. दालनांत उजेड बेताचाच असतो. डोळे सरावेपर्यंत थांबावे. चित्राचे नाव शेवटी वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन. माग्रितची अनेक नावे चित्र पुरे झाल्यावर मित्रांच्या बैठकीत सुचलेली असत, त्यामुळे ती चित्राचा उलगडा करण्याऐवजी पाहणाऱ्याला भलतीकडेच नेतात.

मधल्या मजल्यावर १९४८ची भडक, मुद्दाम ओबडधोबड काढलेली चित्रे आहेत. पॅरिसमधील आपल्या पहिल्या एकल प्रदर्शनासाठी त्याने ती काही आठवड्यांत रंगवली आणि तिथल्या रसिकांची जणू खोडीच काढली. बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात. मला मात्र नेहमीच्या नेटक्या माग्रितपेक्षा हा वात्रट माग्रित अधिक जिवंत वाटला.

सर्वांत जास्त वेळ १९५४च्या ‘प्रकाशाचे साम्राज्य’ या चित्रासाठी राखून ठेवावा. वर दुपारचे निळे, ढगाळ आकाश आणि खाली रात्रीच्या अंधारातले घर, त्यासमोर पेटलेला एकच दिवा आणि पाण्यात पडलेले त्याचे प्रतिबिंब. जवळून पाहिल्यावर त्यात चमत्कृतीचा कुठलाच आव दिसत नाही. पाटी रंगवणाऱ्याच्या सावधपणाने रंग शांतपणे लावलेला आहे, आणि छापील प्रतीत नेमके हेच हरवते. ‘हा पाइप नव्हे’ असे लिहिलेले प्रसिद्ध चित्र शोधत फिरू नये, कारण ते लॉस एंजेलिसला आहे.

जेतचे घर यानंतर पाहावे. १९३८च्या चित्रात जिच्यातून रेल्वेचे इंजिन बाहेर पडते, ती शेकोटी तिथल्या बैठकीच्या खोलीत आहे, आणि आदल्या दिवशी मी तिच्याकडे धड पाहिलेही नव्हते.