कोरियन लॉग, महिना ८: अरे-तुरेपाशी गाडी अडकलीये

या महिन्यात टॉपिक १ चा (TOPIK, कोरियन भाषेची परीक्षा) जुना पेपर घड्याळ लावून सोडवला, २०० पैकी १२८. लेव्हल २ ला १४० लागतात, आणि गेले ते बहुतेक लिसनिंगमध्ये.

उच्चारात आपलं मराठी कामी येतं बरं का. चंद्र, मुखवटा आणि मुलगी, तिन्हींचे कोरियन शब्द 'ताल'च्या आसपास. मुखवट्याला सरळ आपला 'थ', मुलीला कडक 'त', चंद्र मात्र त आणि दच्या मधे कुठेतरी, तो अजून जमत नाही.

खरा लोचा बानमालचा, म्हणजे त्यांचं अरे-तुरे. मी सगळं शिकले ड्रामे बघून आणि ड्राम्यात मित्रमैत्रिणी, भावंडं सगळी बानमालमध्येच बोलतात, तर परवा प्रॅक्टिसच्या कॉलवर सोलच्या एका पन्नाशीच्या बाईंना मी 'ने' (आदराचं 'हो') म्हणायच्या ऐवजी बिनधास्त 'उंग' म्हणून बसले. सासूबाईंनी काही विचारावं आणि आपण नुसतं 'हं' करावं, तसं. त्या हसल्या, मी मेले.

इंग्लिश सबटायटल्समध्ये यातलं काही कळत नाही, म्हणून आता रोज एक सीन मराठीत लिहून काढते. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर कधी आले ते लगेच दिसतं. पण मराठीही फसवते. आपल्याकडे 'तुम्ही' म्हटलं की भागतं, तिकडे नाही! पुस्तकात 'तुम्ही'साठी दिलेला 'तांगशिन' बोलताना बहुतेक नवरा-बायकोत चालतो नाहीतर भांडणात, एरवी हुद्दा किंवा नातं लावायचं, आणि नातं लावायला आधी वय माहीत हवं, म्हणून ओळख झाली की जन्मसाल विचारतात. पूर्वी जन्मताच एक वर्ष आणि नवीन वर्ष लागलं की आणखी एक, म्हणून ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्याच दिवशी दोन वर्षांचं धरायचे, जून २०२३ पासून कायद्याने सरकारी कामात आपल्यासारखंच वय मोजतात. बोलण्यात मात्र कोण मोठं कोण धाकटं ते अजून बघतातच, के-पॉप ग्रुपमधला सगळ्यात धाकटा 'मांगने' तो मांगनेच.

सध्या अडलेय 'ओप्पा'वर. मुलगी मोठ्या भावालाही ओप्पा म्हणते आणि बॉयफ्रेंडलाही. ऑक्सफर्डवाल्यांनी २०२१ मध्ये शब्द आहे तसाच डिक्शनरीत घेतला, सुटले बिचारे. मी 'दादा' लिहिलं तर अख्ख्या रोमँटिक सीनचा खेळखंडोबा, आणि 'अहो' लिहावं तर कॉलेजातली पोरगी एकदम लग्न होऊन दहा वर्षं झाल्यासारखी वाटते. तुम्ही काय लिहिता?